तारीख चुकली, तर?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. तिच्यात अनुभव आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. वेळ, पैसा आणि मनःस्वास्थ्य ह्या तिन्हींचा कोर्टकचेरीत किती व्यय होतो, हे ज्याने भोगले असेल त्यालाच ठाऊक. परंतु ही म्हण भांडण उकरून काढू पाहणाऱ्याला सांगितलेली आहे. ज्याच्या नावाने समन्स निघाले आहे, त्याला नव्हे. न्यायालयाचे बोलावणे एकदा आले, म्हणजे पायरी न चढणे हेच सर्वांत महाग पडते. आज मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, तारीख चुकली म्हणून सारे संपले असे होत नाही. परत येण्यासाठी कायद्याने दार ठेवलेले आहे. मात्र ते दार ठराविक दिवसच सताड उघडे असते, आणि लपून बसणाऱ्यासाठी ते हळूहळू लागत जाते.

मी वकील नाही, शिक्षक आहे. सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यात कडोदरा म्हणून गाव आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता जेथे एकमेकांना छेदतात, तो चार रस्ता म्हणजे कडोदरा. कापड रंगविण्याच्या आणि छापण्याच्या गिरण्या, यंत्रमाग, औद्योगिक वसाहत, आणि त्यांच्या आधाराने राहणारी परप्रांतीय माणसे असा ह्या गावाचा आजचा संसार आहे. त्या माणसांत धुळे, नंदुरबार आणि जळगाव ह्या जिल्ह्यांतून आलेली आपली मराठी कुटुंबे आहेत. शेजारच्या चलथाण स्थानकावरून जाणारा लोहमार्ग थेट खानदेशात उतरतो. वाटेत नवापूरचे स्थानक लागते. त्याचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. माणूस गाडीत बसून सीमा ओलांडतो. त्याच्यामागून शेताचे तंटे, भाऊबंदकीचे दावे, सोसायटीची थकबाकी आणि नवरा-बायकोची भांडणेही सीमा ओलांडून येतात. पोट कडोदऱ्यात आणि तारीख शिरपूरला किंवा अमळनेरला, अशी ज्याची स्थिती आहे, त्याच्याकडून तारीख चुकणे किती सोपे आहे, हे निराळे सांगावयास नको. पाळी बारा तासांची, रजा मागितली तर रोजंदारी बुडते, आणि गावी जाऊन येण्यात दोन दिवस मोडतात.

प्रथम समन्सचा विचार करू. 'समन्स माझ्या हाती पडलेच नाही, मग मी बांधलेला कसा?' असे पुष्कळ लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर वाटते तितके सोपे नाही. दिवाणी दाव्यात प्रतिवादी घरी सापडत नसेल आणि लवकर सापडण्याचा संभवही नसेल, तर त्याच्यासह राहणाऱ्या कुटुंबातील सज्ञान व्यक्तीच्या हाती समन्स देता येते. फौजदारी समन्साच्या बाबतीतही तसेच आहे. पूर्वी तेथे सज्ञान पुरुष हवा असे, आता घरातील सज्ञान स्त्रीच्या हाती दिलेले समन्सही चालते. ते घेण्यास नकार दिला, म्हणजे ते आलेच नाही असा अर्थ होत नाही. नकाराची नोंद झाली की न्यायालय ते बजावले गेले असे धरू शकते. दारावर प्रत चिकटविता येते. शेवटी न्यायाधीशाची खात्री पटली, तर माणूस जेथे शेवटी राहत होता त्या भागातील वृत्तपत्रात जाहीर नोटीस देता येते. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात ज्या नोटिसा असतात, त्या आपण ओलांडून पुढे जातो. त्यांतील एखादी आपल्याच गल्लीतील माणसाची असते. तेव्हा पहिली गोष्ट ही की, गावच्या घरी जे वडीलधारे आहेत त्यांना सांगून ठेवावे: सरकारी लखोटा आला, तर तो कोनाड्यात ठेवू नका, त्याच दिवशी फोन करून कळवा.

ह्यात भाषेचीही एक अडचण आहे. गुजरातेतील तालुका आणि जिल्हा न्यायालयांचे कागद बहुधा गुजरातीत निघतात, आणि आपल्या पहिल्या पिढीतील कामगाराला ती लिपी वाचता येत नाही. शिवाय एक शब्द फसवितो. मराठी कोर्टात 'मुदत मिळाली' म्हणजे सवड मिळाली, काम पुढे गेले. गुजराती बोलणारे लोक कोर्टाच्या तारखेलाच 'मुदत' म्हणतात. 'तुमची अमुक दिवशी मुदत आहे' असे कारकुनाने सांगितले, की आपला माणूस तोपर्यंत सवड आहे असे समजून घरी बसतो. वास्तविक त्या दिवशी त्याने तेथे उभे राहावयाचे असते. ज्यांची मुले गुजराती वाचतात त्यांनी कागद मुलांकडून वाचून घ्यावा, आणि त्यात लाज मानू नये.

आता तारीख चुकल्यावर काय होते, ते पाहू. दिवाणी दाव्यात जो गैरहजर असेल त्याप्रमाणे परिणाम बदलतो. दावा आपणच लावला असेल आणि त्या दिवशी केवळ प्रतिवादी हजर असेल, तर न्यायालय दावा काढून टाकते. त्याच कारणासाठी नवा दावा लावण्याचा मार्ग मग बंद होतो. मूळ दावा पुन्हा नंबरावर घ्यावा असा अर्ज करणे एवढाच मार्ग उरतो. दोन्ही पक्ष गैरहजर असतील तरीही दावा निघू शकतो. पण तेथे मुदतीत असल्यास नवा दावा लावता येतो, किंवा जुना पुन्हा उभा करण्याचा अर्ज देता येतो. आपण प्रतिवादी असू, समन्स रीतसर बजावले गेले असेल आणि आपण गेलो नाही, तर दावा एकतर्फी चालतो. समोरच्याचा पुरावा उलटतपासणीवाचून नोंदला जातो आणि पुष्कळदा एकतर्फी हुकूमनामा होतो. समजा, वडिलोपार्जित चार बिघ्यांच्या वाटपाचा दावा आहे. गावच्या भावाने आपल्याला हवे तसे सांगितले आणि कडोदऱ्याचा भाऊ आलाच नाही, तर न्यायाधीशासमोर एकच बाजू असते. त्या हुकूमनाम्याची दरखास्त पुढे दुसऱ्या राज्यातील न्यायालयाकडेही पाठविता येते. 'मी गुजरातेत आहे, येथे कोण येतो?' हा भरवसा फोल आहे.

ह्या दोन्ही प्रसंगी लक्षात ठेवण्याचा आकडा एकच: तीस दिवस. निघालेला दावा पुन्हा नंबरावर घेण्याचा अर्ज, दावा निघाल्यापासून तीस दिवसांत करावा लागतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्जही हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीस दिवसांत करावयाचा असतो. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून तीस दिवस धरतात. अर्जदाराने दोनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते: समन्स रीतसर बजावले नव्हते, किंवा पुरेशा कारणामुळे आपल्याला येता आले नाही. येथे एक सावधगिरी हवी. समन्स बजावण्यात बारीकसारीक दोष होता, पण तारीख आपल्याला ठाऊक होती आणि जाण्यास पुरेसा अवधीही होता, असे दिसले तर केवळ त्या दोषावर हुकूमनामा रद्द होत नाही. तीस दिवस उलटून गेले असतील, तर विलंब माफ करण्याचा स्वतंत्र अर्ज १९६३ च्या मुदत कायद्याखाली देता येतो. मात्र प्रत्येक दिवस का गेला, हे पटवून देण्याचे ओझे मग आपल्यावर येते. हुकूमनाम्यावर अपील करण्याचाही मार्ग आहे. अर्ज करावा की अपील, हे वकिलाला विचारूनच ठरवावे. कारण अपील निकालात निघाले, की सामान्यतः अर्जाचा मार्ग बंद होतो.

हुकूमनामा होण्यापूर्वीच जागे झालो, तर काम पुष्कळ सोपे असते. ह्याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा १९५५ सालचा एक निर्णय आजही आधारभूत मानला जातो. संग्रामसिंह नावाच्या उमेदवाराविरुद्धचा निवडणूक अर्ज राजस्थानात कोट्याच्या न्यायाधिकरणापुढे होता. उदयपूर येथे बैठक भरली तेव्हा त्यांच्या बाजूने कोणी हजर नव्हते. काम एकतर्फी सुरू झाले. पुढे वकील उभे राहिले, तर तुम्हाला आता भाग घेता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरविले. निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती विवियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, कार्यपद्धतीचे नियम न्यायास साहाय्य करण्यासाठी असतात, माणसाला ठेचकाळून पाडण्यासाठी नव्हेत. एकतर्फी म्हणजे केवळ त्या दिवशी दुसऱ्या पक्षाच्या गैरहजेरीत. त्याला कायमची दारबंदी, असा त्याचा अर्थ नाही. उशिरा आलेल्याने गैरहजेरीचे योग्य कारण दाखविले, तर न्यायालय मागील कामही त्याच्यासाठी पुन्हा उघडू शकते. तसे कारण नसेल, तर झालेले काम मागे फिरत नाही. पण आल्या क्षणापासून पुढच्या कामात भाग घेण्याचा त्याचा हक्क कायम राहतो. तेव्हा 'एकतर्फी झाले, आता जाऊन काय उपयोग?' असे म्हणून घरी बसणाऱ्याने हा निर्णय आठवावा. जितके लवकर जाल तितके अधिक वाचते.

फौजदारी खटल्यात प्रकरण अधिक निकराचे असते, कारण तेथे मालमत्तेबरोबर माणसाचे स्वातंत्र्यही पणास लागते. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेऐवजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्यापूर्वी सुरू झालेले खटले जुन्या संहितेप्रमाणे चालू राहतात. ह्या बाबतीत दोहोंची चाल बहुतांशी सारखीच आहे. आरोपी आला नाही, तर साधारणपणे प्रथम जामीनपात्र वॉरंट निघते. पोलिस येतात, जातमुचलका किंवा जामीन घेतात आणि अमुक तारखेस हजर राहा, असे सांगून सोडतात. तरीही तो गेला नाही, तर अजामीनपात्र वॉरंट निघते, आणि मग अटक होते. अजामीनपात्र वॉरंट सरसकट काढू नये, माणूस जाणूनबुजून टाळत आहे असे दिसले तरच काढावे, अशी दिशा सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली दिली. पण टाळणे म्हणजे काय, हे न्यायाधीश आपल्या वागण्यावरूनच ठरवितो. खोली बदलणे, फोन बंद ठेवणे, गिरणीत नाव बदलून लागणे ह्या गोष्टी आपल्याविरुद्ध बोलतात.

वॉरंट जुने झाले म्हणजे आपोआप मरते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. ज्या न्यायालयाने ते काढले त्याने रद्द करीपर्यंत, किंवा त्याची बजावणी होईपर्यंत, ते जिवंत राहते, आणि भारतात कोठेही बजावता येते. धुळ्याचे वॉरंट कडोदऱ्यात बजावता येते आणि सुरतेचे शहाद्यात. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे जाहीरनामा. माणूस फरारी आहे किंवा लपून आहे अशी न्यायालयाची खात्री झाली, तर किमान तीस दिवसांनंतरची तारीख देऊन त्याला हजर होण्याविषयी जाहीरनामा काढला जातो आणि मालमत्ता जप्त होऊ शकते. जाहीरनाम्यानंतरही न येणे हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जामिनावर सुटलेल्याने पुरेशा कारणावाचून हजर न राहणे, ह्यासही एक वर्षापर्यंत शिक्षा सांगितली आहे. ह्याचा अर्थ नीट पाहावा. मूळ गुन्ह्यात माणूस निर्दोष ठरण्याचा संभव असेल, तरी न येण्याचा गुन्हा तो स्वतःच्या हाताने निर्माण करतो.

आणखी एक माणूस आपण विसरतो: जामीनदार. आपल्या भागात जामीन बहुधा मेहुणा, चुलता किंवा गावचा मित्र राहतो, आणि तो आपल्या शेताचा सातबारा न्यायालयापुढे ठेवतो. आरोपी आला नाही, की मुचलक्याची रक्कम सरकारजमा का करू नये, अशी नोटीस त्या जामीनदारास जाते. रक्कम भरली नाही, तर ती दंडासारखी वसूल होते. वसूल न झाल्यास जामीनदारासच सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद आहे. रक्कम काही अंशी सोडण्याचा अधिकार न्यायालयास आहे. पण तो मागण्यास त्याने कोणत्या तोंडाने जावे? जो येत नाही, तो आपल्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला उघड्यावर टाकतो.

माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील मागे एकदा संध्याकाळी शाळेत आले. 'गुरुजी, हे जरा वाचून सांगा,' असे म्हणून त्यांनी सदऱ्याच्या आतून घडी घातलेला एक लखोटा काढला. कागद गुजरातीत होता आणि तीन महिन्यांपूर्वीचा होता. मोटरसायकलच्या अपघाताचा खटला त्यांच्यावर चालू होता. दोन तारखा रात्रपाळीमुळे गेल्या होत्या, आणि जामीनपात्र वॉरंट निघाले होते. कागद त्यांना वाचता येत नव्हता, पण तो चांगला नाही एवढे कळले होते. म्हणून त्यांनी खोली बदलली होती, आणि पुढच्या आठवड्यात मुलाचा दाखला काढून गावी निघून जाण्याचा त्यांचा विचार होता. मुलगा अभ्यासात बरा होता. गावी जाऊन काय होणार, असे मी विचारले. ते म्हणाले, 'तिथं कोण शोधणार?' जामीन कोण राहिले आहे, असे विचारल्यावर मात्र ते गप्प झाले. बहिणीचे यजमान जामीन होते.

दुसऱ्याच दिवशी ते मोफत विधी सेवेच्या कार्यालयात गेले. तेथून मिळालेल्या वकिलाने वॉरंट रद्द करण्याचा अर्ज लिहिला, त्याला गिरणीच्या पाळीची नोंद जोडली, आणि ते स्वतः न्यायाधीशापुढे उभे राहिले. थोडा दंड झाला, वॉरंट रद्द झाले, मेहुण्यांवरील नोटीस टळली. खटला पुढे चालला, तो चालणारच होता. मुलगा मात्र वर्गात राहिला. स्वतः चालत आलेल्या माणसाकडे आणि पोलिसांनी धरून आणलेल्या माणसाकडे न्यायाधीश एकाच नजरेने पाहत नाही, एवढे ह्या प्रसंगावरून घ्यावे. प्रत्येकाचे असेच होईल, असे मात्र कोणी धरून चालू नये.

घरातील तंट्यांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण आपल्या वस्तीत ते पुष्कळ आहेत. पत्नी गावी आणि नवरा कडोदऱ्यात, अशा जोडप्यात बेबनाव झाला, तर पत्नी ती जेथे राहते तेथील न्यायालयात पोटगीचा अर्ज करू शकते. नवरा मुद्दाम टाळत आहे असे दिसल्यास पोटगीचा हुकूम एकतर्फी होऊ शकतो. तो रद्द करून घ्यावयाचा असेल, तर तीन महिन्यांच्या आत योग्य कारणासह अर्ज करावा लागतो, आणि न्यायालय समोरच्या पक्षास खर्च देण्याची अट घालू शकते. पुरुषांना मी सांगेन की, तारखेस न जाण्याने पोटगी टळत नाही. आपली मिळकत खरोखर किती आहे, हे सांगण्याची संधी तेवढी जाते आणि थकबाकी महिन्यामागून महिना चढत राहते. भगिनींनाही सांगावयाचे आहे की, अर्ज त्यांचा असेल तर त्यांचीही गैरहजेरी त्यांनाच भोवते.

मग करावे काय? तारखेपूर्वी अडचण कळली असेल, तर ती तारखेपूर्वीच न्यायालयास कळवावी. दिवाणी कामात मुदतीचा अर्ज असतो. पण सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा अधिक वेळा मुदत देऊ नये असा नियम आहे, म्हणून ती उधळू नये. फौजदारी कामात हजेरी माफीचा अर्ज वकिलामार्फत देता येतो. आता दृक्‌श्राव्य साधनांनी दिलेली आरोपीची उपस्थितीही कायद्याने उपस्थितीत धरली आहे. तेव्हा दूर राहणाऱ्याने तशी परवानगी आपल्या न्यायालयाकडे मागून पाहावी. मात्र ती मिळेपर्यंत जाणे हाच नियम.

तारीख चुकून गेली असेल, तर प्रथम त्या दिवशी काय घडले ते पाहावे. रोजनाम्यात सर्व लिहिलेले असते, आणि प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांचा एक क्रमांक असतो. तो सांगितला, की न्यायालयांच्या संकेतस्थळावर किंवा भ्रमणध्वनीवरील उपयोजनावर पुढची तारीख आणि झालेले हुकूम दिसतात. हा क्रमांक पाकिटात, आणि घरच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर, लिहून ठेवावा. नंतर विनाविलंब वकिलास भेटावे, योग्य तो अर्ज द्यावा आणि शक्यतो स्वतः हजर राहावे. कारण खरे सांगावे आणि त्याला कागद जोडावा: रुग्णालयातून सोडल्याचा कागद, रेल्वेचे तिकीट, पाळीची नोंद, जे असेल ते. खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र हा सोपा रस्ता वाटतो. तो दुसऱ्या गुन्ह्याकडे जातो. खऱ्या अडचणीकडे न्यायालये डोळेझाक करीत नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत सुरतेतून हजारो कामगार गावोगाव परतले. त्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सारा काळ दावे, अपिले आणि अर्ज ह्यांच्या मुदतीतून वगळला.

'वकिलाला पैसे दिले होते, तोच गेला नाही' ही तक्रारही नेहमी ऐकू येते. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, खेड्यातील पक्षकाराने वकील नेमला, त्याची फी दिली, म्हणजे त्याने आपले काम केले. वकिलाच्या गैरहजेरीचे प्रायश्चित्त त्याने भोगू नये. पण पुढील निर्णयांत हेही स्पष्ट झाले की, हे तत्त्व सर्वांना सरसकट लागू होत नाही. पक्षकारानेही आपल्या कामाकडे लक्ष ठेवले पाहिजे. तेव्हा प्रत्येक तारखेनंतर वकिलास एक फोन करावा. त्यात अविश्वास नाही, जागरूकता आहे.

खर्चाच्या धास्तीने पुष्कळ लोक मागे राहतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीत असलेले लोक आणि औद्योगिक कामगार ह्यांना मिळकत न पाहता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना मिळकतीची मर्यादा आहे. औद्योगिक कामगार हे शब्द आपल्या गिरणीतल्या माणसांनी नीट ऐकावेत. जिल्हा न्यायालयात ह्या प्राधिकरणाचे कार्यालय असते, तालुक्यास समिती असते, आणि १५१०० ह्या क्रमांकावर फोन करून चौकशी करता येते. दूरच्या राज्यात चालणारे काम जवळ आणावे अशी पुष्कळांची इच्छा असते. १ मे १९६० पूर्वी सुरत आणि धुळे ही दोन्ही ठिकाणे एकाच मुंबई उच्च न्यायालयाच्या छायेखाली होती. राज्ये वेगळी झाली तेव्हापासून ह्या दोन जिल्ह्यांमधील खटल्याची बदली करावयाची, तर त्यासाठी सर्वोच्च न्यायालयातच अर्ज करावा लागतो. तो मार्ग आहे. पण अर्ज केला म्हणजे इकडील तारीख थांबली, असे मात्र समजू नये.

एक इशारा देऊन ठेवतो. हल्ली फोनवर चित्र दाखवून, पोलिसांचा किंवा न्यायाधीशाचा वेष घालून, 'तुमच्यावर वॉरंट आहे, तुम्ही घरातच अटकेत आहात, अमुक खात्यात पैसे भरा' असे धमकावणारे भामटे निघाले आहेत. अशी अटक कायद्यात नाही. न्यायालय फोनवर पैसे मागत नाही. असा फोन आला, तर ठेवून द्यावा आणि आपल्या नावाने खरोखर काही आहे का, ते न्यायालयात किंवा पोलिस ठाण्यात जाऊन पाहावे. भीतीने पैसे भरणारा आणि भीतीने तारीख टाळणारा, दोघेही एकाच अज्ञानाचे बळी आहेत.

श्रोतेहो, न्यायालयाविषयी आपल्या मनात जो धाक आहे, तो काही अंशी इष्टच आहे. पण धाकाने पाय मागे न जाता पुढे पडावा. आपली बाजू दुबळी असेल, तरी ती सांगणारा माणूस तेथे उभा असला पाहिजे. कारण न्यायाधीशाला रिकाम्या जागेचे म्हणणे ऐकू येत नाही. आपल्या ओळखीत, शेजारच्या खोलीत, पलीकडच्या मागावर असा कोणी असेल की ज्याच्या खिशात न उघडलेला लखोटा आहे, तर आज रात्री तो त्याच्याजवळ बसून उघडा, तारीख वाचा, दिवस मोजा, आणि उद्या सकाळी त्याला पाठवा. शक्य असल्यास सोबत जा.